दोनदा ओढून बघायचं

काकांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा मी बसायच्या आधी त्यांनी माझी खुर्ची दोनदा ओढून बघितली. मला वाटलं, बाप्पा, काय मॅनर्स आहेत माणसाचे! मग त्यांनी टेबलाचा पाय ओढला, कुकरच्या झाकणाची दांडी ओढली, माझ्या ताटाशेजारची पाण्याची बाटली बूच धरून ओढली. शेवटी स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, पाहुणी आहे ती. तिला तेवढं ओढू नका."

मी नागपूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन आठ महिने झाले होते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. काका त्याच बिल्डिंगमध्ये खाली सीटबेल्टच्या लॅबमध्ये. आख्ख्या करिअरमध्ये त्यांनी एकच काम केलं: सीटबेल्ट तोडायचे. कुठे तुटतो, कधी तुटतो, तुटायच्या आधी आवाज कसा करतो. आमच्यासारख्यांचं काम चालणाऱ्या गोष्टी चालतात का ते बघायचं. काका गोष्ट मोडेपर्यंत तिच्यावर विश्वासच ठेवायचे नाहीत.

"विश्वास ठेवावा," ते म्हणायचे. "मी नाही म्हणतच नाही. फक्त आधी दोनदा ओढून बघावं. पहिल्यांदा ओढलं की वस्तू सावध असते. दुसऱ्यांदा ओढलं की खरं बोलते."

आता हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण अशा माणसाबरोबर कॉस्टकोटाइप मोठ्या दुकानात जाऊन बघा! प्रत्येक ट्रॉलीचं हँडल, प्रत्येक पिशवीचा बंद. एकदा एका गोऱ्या बाईच्या स्ट्रोलरचा पट्टा ओढून बघितला होता, आतलं बाळ बघायला नव्हे, पट्टा बघायला. ती बाई घाबरली. काकांनी तिला समजावलं की तिच्या पट्ट्याचा क्लिप उलटा लागलाय. तो खरंच उलटा लागला होता. तिने थँक यू म्हटलं आणि शक्य तितक्या लवकर पुढच्या आइलमध्ये गेली.

ऑफिसात त्यांचा एक फॉर्म फेमस होता. फॉर्मचं इंग्रजी नाव काहीतरी लांबलचक होतं, पण काका आम्हा मराठी लोकांत त्याला 'थोडक्यात वाचलो' म्हणायचे. अपघात झाला की सगळेच रिपोर्ट लिहितात. काकांचं म्हणणं, अपघात होता होता राहिला की रिपोर्ट लिहा. काय झालं, कशामुळे झालं, इजा झाली का, आता काय करणार. चार ओळी. आणि एक सक्त नियम: माणसाचं नाव लिहायचं नाही.

"काहून हो?" मी एकदा विचारलं.

"नाव लिहिलं की सगळे नावाकडे बघतात. मग बिजागरीकडे कुणी बघत नाही."

हाच फॉर्म घरीही चालायचा. दूध उतू गेलं, थोडक्यात वाचलो. बर्फावरून पाय घसरता घसरता राहिला, थोडक्यात वाचलो. काकू सांगलीच्या, त्यांची सहनशक्ती मोठी. पण एकदा त्यांनीच एक फॉर्म भरून फ्रिजवर लावला होता. काय झालं: नवऱ्याने चालू मिक्सरचं झाकण ओढून बघितलं. इजा: छताला. आता काय करणार: माहेरी जाणार.

एवढा घाबरट माणूस, आणि छंद काय? झाडावर चढून हरणाची शिकार!

हे मला कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या मराठी मंडळात टेनिस खेळणारे होते, नाटक करणारे होते, दर उन्हाळ्यात मेथी लावून सगळ्यांच्या दारात जुड्या ठेवणारे होते. शिकारी एकटे काकाच. सीटबेल्टच्या लॅबमध्ये त्यांच्या बाजूला बसणारा एक म्हातारा गोरा टेक्निशियन होता, त्याने त्यांना हे वेड लावलं. मिशिगनमध्ये हे वेड लागायला वेळ लागत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर बंदुकीचा सीझन सुरू होतो, त्या दिवशी आमच्या ऑफिसचं पार्किंग दिवाळीतल्या शाळेसारखं रिकामं असतं. काका मात्र बंदुकीवाले नव्हते. ते ऑक्टोबरपासून क्रॉसबो घेऊन जायचे. बंदुकीसारखा दस्ता असलेलं धनुष्य असतं ते.

पण खरं सांगू का, त्यांचं प्रेम क्रॉसबोवर नव्हतंच. हरणावरही नव्हतं. त्यांचं प्रेम होतं त्यांच्या मचाणावर. क्लायंबिंग स्टँड म्हणतात त्याला. त्याचे दोन भाग असतात. वरचा भाग म्हणजे खुर्ची, खालचा म्हणजे पाय ठेवायची फळी. दोन्हींना मजबूत पट्टे, ते झाडाच्या खोडाभोवती घालायचे. मग खुर्चीवर बसायचं आणि पायांनी फळी वर ओढून घ्यायची. फळीवर उभं राहायचं आणि हातांनी खुर्ची वर सरकवायची. पुन्हा बसायचं, पुन्हा फळी. सुरवंट चढतो तसं, वीत वीत करत वीस फूट. वर गेलं की तिथेच खुर्ची लावून बसायचं आणि खाली हरणाची वाट बघायची.

"आमच्याकडे पाडेली यायचा," काका सांगायचे. ते मालवणकडचे. "नारळ उतरवायला. पायात दोरीचं कडं घालून माडावर असा सरसर जायचा की बस्स. मी आजीच्या मागे लागायचो, मला एकदा चढू दे. ती म्हणायची, पडशील. सगळं लहानपण मी खालून वर बघण्यात घालवलं." मग स्टँडच्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणायचे, "आता बघ."

त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर मराठी कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं चिकटवलेलं होतं. मध्ये रेघ. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. सगळं काकांच्या इंजिनीअरिंगच्या अक्षरात. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ आहे. फायदे: पाठीवर घेऊन जाता येतं. जंगलात ठेवून यावं लागत नाही, म्हणून कुणी चोरत नाही. वारा बदलला की झाड बदलता येतं. शिडी लागत नाही, झाडाला खिळा लागत नाही. खुर्ची आरामाची. तोटे: झाड सरळ हवं, खाली फांदी नको. (सरळ झाडं आपल्याला आवडतात, हरणांना वाकडी.) चढताना आवाज होतो. खोड वर निमुळतं होतं, म्हणून फळी खाली असतानाच पुढून थोडी उचलून लावावी, वर जाईपर्यंत समतल होते. साल ओली असेल तर चढू नये. गुडघे लागतात.

आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: खालची फळी पायातून सुटली तर सरळ जमिनीवर जाते, माणूस वरच राहतो. उपाय: खुर्ची आणि फळी एका दोरीने कायम जोडलेली ठेवणे.

त्याच्याही खाली लाल पेनाने काकूंचं अक्षर: तोटा, नवरा.

काकांची मुलगी बेलव्ह्यूला, पार पश्चिम किनाऱ्यावर असते. तिकडच्याच एका टेक कंपनीत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती तोच उपाय सुचवायची: "बाबा, जस्ट गेट अ लॅडर स्टँड! इट्स लिटरली अ लॅडर!" शिडीचं मचाण म्हणजे झाडाला टेकवून बांधलेली शिडी आणि वर सीट. काका तिला फायदे-तोट्यांचा सगळा कागद वाचून दाखवायचे. ती तोवर आपली भांडी घासून घ्यायची.

शिकारीत काकांचं यश म्हणाल, तर पहिली काही वर्षं साफ शून्य. कारण मोठं गमतीदार होतं. आपल्या लोकांचं अमेरिकेतलं गॅरेज म्हणजे दुसरं स्वयंपाकघर. घरात वास भरून राहतो म्हणून काकूंची जास्तीची शेगडी गॅरेजमध्ये. मासे तिथे तळायचे, लसणाची फोडणी तिथे, हिंगाचा डबा तिथे. आणि शेगडीच्या बरोबर वर, खुंटीला, काकांचे शिकारीचे कपडे! दर सीझनला हरणं यायची, पन्नास पावलांवर थांबायची, नाक वर करायची आणि शेपटी उभी करून पळायची. काका म्हणायचे वाऱ्याची दिशा चुकतेय. शेवटी त्या म्हाताऱ्या टेक्निशियनने त्यांच्या जॅकेटचा वास घेतला आणि विचारलं, "धिस इज डिलिशस, व्हॉट इज इट?"

तेव्हापासून कपडे अंगणातल्या झाकणाच्या पेटीत, पाइनच्या डहाळ्यांमध्ये. स्टँड मात्र गॅरेजमध्येच राहिला. लोखंडाला वास लागत नाही, म्हणाले. मग खरंच हरणं मिळायला लागली. फार नाही, एखाद्या सीझनला एक. काकू नाक मुरडत का होईना, त्याचं सुकं असं करायच्या की मंडळातले स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवणारे दोघे जण डबा घेऊन हळूच मागच्या दाराने यायचे.

रिटायर झाल्यावर काकांचा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण काकूंनी ठरवलं की आता बस्स. दोन आठवडे घरात शीतयुद्ध. मी मध्ये लुडबुडायला नको होतं, पण गेले. काकू गॅरेजमध्ये भाकरी थापत होत्या. मला म्हणाल्या, "तुला सांगते, मला तो लोखंडाचा सांगाडा बघवत नाही. हा माणूस वर असतो तोवर माझा अर्धा जीव वर टांगलेला असतो." मग भाकरी उलटून थोड्या वेळाने, "पण तिथून परत येतो ना, तेव्हा दोन दिवस माणसासारखा वागतो. काही ओढत नाही. जेवताना बोलतो. नाहीतर रिटायर झाल्यापासून सकाळी उठून घरातल्या सगळ्या खिडक्या ओढतो गं. रोज."

काकांनाही मी विचारलं होतं, वर बसून करता काय इतका वेळ? ते एरवी पटकन उत्तर देणारे. त्या दिवशी आधी स्टँडचा पट्टा नीट गुंडाळून ठेवला आणि मग म्हणाले, "वर गेलं की तपासायला काही उरत नाही. जे काय तपासायचं ते खाली तपासून झालेलं असतं. मग मी नुसता बसतो. मला दुसरीकडे नुसतं बसता येत नाही." मला त्यांची इतकी माया वाटली त्या क्षणी की काय सांगू. हा माणूस शिकारीला जातच नव्हता. निवांत व्हायला जात होता, आणि त्याला निवांत व्हायला जमिनीपासून वीस फूट लागत होते.

शेवटी तह झाला. त्याच कागदावर, तळाला, काकूंनी लाल पेनाने लिहिलं: 'वर काहीही झालं, एकदाही, की हे घराबाहेर. कायमचं.' काकांनी सही केली. काकूंनी सही केली. आणि साक्षीदार म्हणून मी. मोठ्या ऐटीत केली मी सही. मला काय माहीत!

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या डेकोरेशनची जबाबदारी माझ्याकडे होती. आमचा गणपती शनिवारी असतो, शाळेच्या हॉलमध्ये, तिथी काही का असेना. मखर मोठं केलं होतं, प्लायवुडचं, वर सोनेरी चमकी आणि कागदी झेंडू. ते व्हॅनच्या टपावर बांधून न्यायचं तर माझी दोरी अपुरी. मी धावत काकूंच्या गॅरेजमध्ये गेले. काकू साठ माणसांच्या पुऱ्या तळत होत्या, घामाघूम. "काकू, दोरी!" म्हटलं. त्यांनी झाऱ्यानेच भिंतीकडे दाखवलं. "ती निळी लोंबतेय ना, ती सोड. लवकर, तेल तापलंय." मी सोडली. कशाला बांधलेली आहे ते मी बघितलं नाही. काकूंनी बघितलं नाही. गॅरेजसमोरच्या व्हॅनपाशी काका आले, त्यांनी मखराची दोरी दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "गाठ कुणी मारली? चांगली आहे." त्यांनीही बघितलं नाही.

कार्यक्रम झाला. मखर हॉलच्या स्टोअरमध्ये गेलं. निळी दोरी, चमकी, उरलेले झेंडू आणि मूर्तीचा नारिंगी शेला, सगळं एका पिशवीत माझ्या डिकीत. परत करायचं, करायचं म्हणता महिना गेला.

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी मी घरून काम करत होते. सकाळची मीटिंग चालू, आणि फोनवर काका. उचलला तर कुजबुज.

"बिझी आहेस का?"

"मीटिंग आहे. तुम्ही असं का बोलताय?"

"मी वर आहे. हळू बोलतोय, समोर दोन माद्या आहेत. माझी पायफळी खाली गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे पायातून सुटली आणि जमिनीवर गेली. जोडदोरी नाहीये. मी खुर्चीवर आहे. खुर्ची पक्की आहे, अंगातले पट्टे झाडाला पक्के आहेत. घाई नाही. तुझी मीटिंग संपू दे."

जोडदोरी म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर ती निळी दोरी आली.  लॅपटॉप तसाच सोडून मी चपला घालत होते.

"काका, इमर्जन्सीला फोन करते."

"अजिबात नको! सायरन लावून येतील. लोकांची आख्खी सकाळ फुकट जाईल." शिकाऱ्यांची काळजी, बघा. वर अडकलेला कोण, आणि काळजी कुणाची! "तू ये. लोकेशन पाठवतो. आणि हे बघ, नारिंगी काहीतरी घाल. जंगलात आहेस, लोकांना दिसायला हवीस."

माझ्याकडे नारिंगी एकच गोष्ट होती. तासभर उत्तरेला गाडी हाकून मी सरकारी जंगलाच्या पार्किंगमध्ये उतरले, डिकी उघडली, गणपतीचा शेला गळ्यात घातला, निळी दोरी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. वाटेत एक दाढीवाला शिकारी परत येत होता. माझ्या अवताराकडे, चमकीकडे बघून त्याने टोपीला हात लावला आणि शांतपणे बाजूला झाला.

काका दिसले. सरळसोट झाडावर, वीस फुटांवर, खुर्चीत बसलेले. दोन्ही पाय खाली लोंबकळत. क्रॉसबो मांडीवर नव्हे, बाजूच्या हुकाला. झाडाच्या बुंध्याशी पायफळी, पट्टा खोडाभोवती तसाच, आपली निवांत पडली होती. मला रडू यायला लागलं. खरंच. इतका म्हातारा माणूस, नवा गुडघा, आणि तिथे टांगलेला, माझ्यामुळे.

"काका, सॉरी. दोरी माझ्याकडे होती. गणपतीपासून."

त्यांनी वरून खाली बघितलं. शेल्याकडे, दोरीकडे, दोरीला चिकटलेल्या कागदी झेंडूकडे.  मग म्हणाले, "रडून झालं की सांग. क्रमाने करायचंय."

त्यांनी वरून एक बारीक सुतळी सोडली. क्रॉसबो वर ओढून घ्यायला असते ती. सुतळीवर फळी वर घ्यायचा त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून आधी सुतळीला निळ्या दोरीचं टोक बांधायचं, ते त्यांनी वर घ्यायचं, आणि दुसरं टोक मी फळीला बांधायचं.  ते वरून एकेक वेढा सांगत होते, गाठ कशी, टोक कुठून काढायचं. बांधून झालं.

"दोनदा ओढ."

मी ओढली. एकदा. आणि दुसऱ्यांदा.

फळी खोडाला घासत, खडखडत वर गेली. काकांनी ती पायांत घेतली, दोरीने खुर्चीला बांधली, आणि सुरवंट उलटा उतरायला लागला. जमिनीला पाय लागले तेव्हा त्यांनी आधी गुडघा ओढून बघितला. मग माझ्या डोक्यावर थापटी मारली. "तू आलीस तोवर आठ हरणं गेली खालून. त्यात एक नर असा होता की काय सांगू!"

"मारला का नाही मग?"

"पाय टेकायला जागा नसताना नेम धरायचा नसतो," ते म्हणाले, आणि मला हसू आलं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काकूंना नका सांगू. कुणाला काही झालं नाही. कशाला सांगायचं?" मला कागदावरची लाल ओळ दिसत होती. माझी सहीही दिसत होती.

काका थांबले. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, थोडक्यात वाचलात तर लिहा. लपवलेला अपघात पुन्हा होतो. आणि माझ्यावर आल्यावर लपवू?" ते शांत होते, पण चेहरा उतरला होता. स्टँड पाठीवर घेताना त्यांनी पट्टे जरा जास्तच हळू आवळले. "चल जेवायला. पिठलं केलंय तिने."

जेवायच्या टेबलावर काकांनी ताट बाजूला सारलं, खिशातून कागद काढला आणि वाचला. "काय झालं: सकाळी वर बसलेलो असताना पायफळी सुटून जमिनीवर गेली. कशामुळे: जोडदोरी जागेवर नव्हती. चढणाऱ्याने चढण्याआधी पाहिली नाही. इजा: नाही. आता काय करणार:" आणि ते थांबले. "ही ओळ तू सांगायचीस."

काकूंच्या हातातला पिठल्याचा डाव तसाच राहिला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "किती वेळ होतास वर?" अहोजाहो सगळं विसरल्या.

"तीन तास."

"तीन तास." त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, संपलं. गेला स्टँड. गेला काकांचा निवांतपणा. रोज सकाळी पुन्हा सगळ्या खिडक्या.

"दोरी जागेवर नव्हती, मग कुठे होती?" काकूंनी विचारलं.

"जागेवर नव्हती," काका म्हणाले.

"कुठे होती, विचारतेय मी."

"नाव लिहायचं नसतं."

"माझ्या डिकीत होती, काकू," मी म्हटलं.  "मखर बांधायला मी नेली होती. आणि परत केली नाही. त्यांची काही चूक नाही, मला काय बोलायचं ते बोला, पण स्टँड बाहेर काढू नका." आणि मी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ती निळी दोरी टेबलावर ठेवली. चमकी पिठल्यावर सांडली.

काकू दोरीकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या आणि गॅरेजमध्ये गेल्या. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बसून. आतून काही आवाज नाही. मग कागद फाडून काढल्याचा आवाज.  काकांनी टेबलाची कड धरली, पण ओढली नाही.

काकू परत आल्या त्या तो फायदे-तोट्यांचा कागद घेऊन. चष्मा लावला. तळाची ओळ मोठ्याने वाचली, कोर्टात वाचतात तशी. "वर काहीही झालं, एकदाही, की हे घराबाहेर." मग चष्म्यावरून काकांकडे बघितलं. "पण हे वर झालं कुठे? हे झालं गणपतीच्या शनिवारी. माझ्या गॅरेजमध्ये. झाऱ्याने दोरी दाखवली मी, सोडली हिने, आणि व्हॅनवर दोनदा ओढून 'गाठ चांगली आहे' म्हणाला तो तू. तिघांच्या डोळ्यांदेखत, जमिनीवर झालंय." लाल पेन घेतलं. "आता काय करणार? लिहा तुमच्या फॉर्मवर. दोरी मी बांधणार."

"तू?" काका म्हणाले.

"हो, मी. आणि स्टँड शेगडीपासून लांब, दुसऱ्या भिंतीवर. आणि पिठलं खा, गार होतंय." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि नळ जोरात सोडला. त्या रडत होत्या हे आम्हा दोघांना कळलं. आम्ही चमकीचं पिठलं खाल्लं.

गेल्या वर्षी काका-काकू मुलीजवळ बेलव्ह्यूला गेले. काका फोनवर सांगतात, इथली झाडं इतकी जाड आहेत की स्टँडचा पट्टाच पुरत नाही, हा नवा तोटा कागदात टाकलाय. पण मला ते आठवतात त्या पिठल्यानंतरच्या शनिवारच्या पहाटेचे. काकूंनी मला फर्मान काढून बोलावलं होतं: साक्षीदार हजर हवी. गॅरेजचं दार उघडं, बाहेर दव, काकू गाउनवर जाड कोट घालून जमिनीवर बसलेल्या. त्यांनी निळी दोरी खुर्चीला आणि फळीला बांधली. चमकी अजून तिला चिकटलेली होती. गाठ मारली, एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली.

सवयीने काकांचा हात पुढे आला.

"ओढलंय मी," काकू म्हणाल्या.

काकांनी हात मागे घेतला. स्टँड पाठीवर चढवला आणि गाडीकडे चालायला लागले. ती दोरी त्यांनी ओढून बघितली नाही.